ऊलाँग चहा : पेय की औषध?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्याच्या सभेत एक ठराव पुढे आला होता, तो आपणां सर्वजणींना ठाऊक आहेच. मंडळाने ऊलाँग चहा घाऊक भावाने आणावा, त्याच्या लहान पुड्या करून सभासदांना आणि शेजारीपाजारी विकाव्यात, आणि चार पैसे सुटतील ते शिवणवर्गाच्या नव्या यंत्रांसाठी बाजूला ठेवावेत, असा तो ठराव. ज्या भगिनींनी तो मांडला त्यांचा हेतू चांगला होता याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. चहाच्या व्यापाऱ्याने दिलेले पत्रकही त्यांनी वाचून दाखविले. "रक्तातील साखर उतरते, चरबी वितळते, रक्तदाब आटोक्यात राहतो" अशी तीन वाक्ये त्यावर ठळक अक्षरांत होती, आणि त्यांच्या खाली आपल्या मंडळाचे नाव छापायचे होते. तेथे मी अडखळले आणि दोन शब्द बोलले. बोलणाऱ्याच्या गळ्यात काम पडते, हा आपल्या मंडळाचा जुना रिवाज! "तुम्ही इतकी वर्षे परिचारिकेची नोकरी केलीत, तेव्हा तुम्हीच माहिती काढा आणि वर्धापनदिनी सांगा," असे अध्यक्षबाईंनी फर्माविले. ती माहिती आज आपल्यापुढे ठेवते.

प्रथम हा चहा म्हणजे काय ते पाहू. पुष्कळजणींची अशी समजूत आहे की ऊलाँग ही काही निराळी वनस्पती आहे, एखादी चिनी जडीबुटी. तसे नाही. आपल्या डब्यातला दाणेदार चहा, हल्ली मुलीबाळी पितात तो ग्रीन टी आणि हा ऊलाँग, तिन्ही एकाच झाडाची पाने. यात आपण अडाणी ठरतो असे मानू नका; युरोपातले विद्वानसुद्धा कित्येक वर्षे हिरव्या चहाचे झाड वेगळे आणि काळ्याचे वेगळे असे समजत होते. रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ १८४० नंतरच्या दशकात चीनमध्ये हिंडला, तेव्हा त्याने झाड एकच असल्याचे दाखवून दिले. त्यानेच पुढे ईस्ट इंडिया कंपनीसाठी चिनी रोपे आणि चहा करणारे कारागीर हिमालयाच्या पायथ्याशी आणले.

फरक आहे तो पान खुडल्यानंतरच्या करणीत. आपण वांगे चिरून तसेच ठेवले तर काय होते? फोडी काळवंडतात. चहाच्या पानाचेही तसेच. पान चुरगळले की त्याला वारा लागून ते तांबूस होऊ लागते. ग्रीन टीत पान लगेच तापवून हे काळवंडणे सुरू होण्याआधीच थांबवितात. आपल्या काळ्या चहात ते पुरते होऊ देतात. ऊलाँगमध्ये ते मध्येच अडवितात. कोठे अडवावे हे ज्याचे त्याचे कसब. म्हणून काही ऊलाँग ग्रीन टीसारखे हिरवट असतात, तर काही जवळजवळ काळे.

या चहाचे माहेर म्हणजे चीनचा फुजियान प्रांत, त्यातले वूयी डोंगर आणि आन्शीचा परिसर. त्याच्या दक्षिणेला ग्वांगडाँगमधला चाओझोऊचा भाग. आणि समुद्रापलीकडे तैवान बेट. तेथे पाने खुडून आणली की ती थोडा वेळ उन्हात पसरतात, म्हणजे ती मऊ पडतात. मग बांबूच्या मोठमोठ्या सुपांत घालून हलक्या हाताने हलवितात, स्वस्थ ठेवतात, पुन्हा हलवितात. हे तासन्‌तास, पुष्कळदा रात्री उशिरापर्यंत चालते. हलविताना पानांच्या कडा एकमेकींवर घासून ठेचल्या जातात आणि कडेला तांबूस किनार येते, मधले पान मात्र हिरवेच राहते. आपल्या हिरव्या लुगड्याच्या लाल काठासारखे म्हणा ना. वास मनासारखा आला की पाने तापलेल्या कढईत परततात, वळतात, वाळवितात आणि कित्येक प्रकारांत पुन्हा मंद आचेवर भाजतात. ऊलाँग या नावाचा अर्थ काळा ड्रॅगन. काळपट, पीळ पडलेले ते पान पाहिले म्हणजे नाव शोभते खरे.

तैवानमधली एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. तेथे एका जातीच्या ऊलाँगसाठी पानांना तुडतुडे लागावेच लागतात! आपल्याकडे आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे दिसले की बागाइतदाराची झोप उडते. तेथे तुडतुड्याने चावलेल्या पानालाच मधासारखा वास येतो म्हणून शेतकरी औषध फवारीत नाही. याच बेटावरून १८६९ साली जॉन डॉड नावाच्या व्यापाऱ्याने दोन जहाजे भरून ऊलाँग थेट न्यूयॉर्कला पाठविला आणि तो अमेरिकेत नावारूपाला आला. आता आपल्या दार्जिलिंगच्या मळ्यांतही थोडाफार ऊलाँग होतो.

असो. आता त्या पत्रकाकडे वळू.

पहिले वाक्य साखरेचे. ते निखालस खोटे आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्यामागे एक खरा प्रयोग आहे आणि तो २००३ साली एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तैवानमधील वीस मधुमेही माणसांना तीस दिवस रोज दीड लिटर ऊलाँग दिला, आणि तेवढेच दिवस चहाऐवजी साधे पाणी दिले. चहाच्या दिवसांत त्यांची साखर सरासरी २२९ वरून १६२ वर आली. ऐकून कोणालाही वाटेल की मग अडले कोठे? अडले ते पुढच्या ओळीत, जी पत्रकावर कधी छापली जात नाही. त्या वीसही जणांची मधुमेहाची औषधे चालूच होती. चहा औषधाच्या जोडीला होता, जागेवर नव्हता. माणसे अवघी वीस, मुदत एक महिना, आणि चहा रोज दीड लिटर, म्हणजे आपले दहा-बारा कप! पुढे २०११ साली अमेरिकेतील प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात मधुमेह नसलेल्या माणसांना ऊलाँग देऊन पाहिला होता. त्यांच्या साखरेत काही सुधारणा दिसली नाही.

हे मी इतके ताणून का सांगते, त्याला कारण आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई अकरा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेतात. परवाच्या पावसाळ्यात त्यांना कोणीतरी फोनवर या चहाचा संदेश धाडला. त्यांनी महागडा डबा मागविला. सकाळ-संध्याकाळ मोठ्या नेमाने चहा घेऊ लागल्या, आणि आठवडाभरात आपल्या मनानेच रात्रीची गोळी बंद केली. "चहाने साखर उतरतेच आहे, मग गोळीचे विष कशाला?" असा त्यांचा हिशेब. मला त्यांनी सांगितले नाही, कारण मी रागावले असते. सहा आठवड्यांनी पायाला चपलेचा फोड आला, तो भरेना. साखर तपासली तर तीनशे चाळीस. पुढे दोन महिने एक दिवसाआड मलमपट्टी चालली होती. पाऊल वाचले ही देवाची कृपा आणि डॉक्टरांची मेहनत. त्या चहाने जाऊबाईंना काही अपाय केला का? नाही. अपाय केला तो डब्यावरच्या वाक्याने. हे सर्व सांगण्याची परवानगी त्यांनीच दिली आहे. त्या आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि माझ्याकडे डोळे वटारून पाहत आहेत.

दुसरे वाक्य चरबीचे. येथेही एक प्रयोग आहे, २००१ सालचा, अमेरिकेतला. बारा पुरुषांना (बायकांना नव्हे, हेही लक्षात ठेवा) तीन-तीन दिवस निरनिराळी पेये देऊन शरीर किती शक्ती खर्च करते ते मोजले. पाण्यापेक्षा ऊलाँगने तो खर्च २.९ टक्क्यांनी वाढला; म्हणजे दिवसाला सुमारे ६७ कॅलरी. आपल्या एका पोळीतही याहून थोड्या जास्तच असतात. आणखी एक मौज पाहा. त्याच प्रयोगात नुसत्या पाण्यात चहाइतके कॅफीन घालून दिले, तर खर्च ३.४ टक्क्यांनी वाढला. तेव्हा यातला बराचसा पराक्रम ऊलाँगचा नसून कॅफीनचा आहे आणि ते आपल्या रोजच्या चहातही असते. शरीर चरबीचा वापर करते त्याचे प्रमाण ऊलाँगने काहीसे वाढले, हेही त्या प्रयोगात दिसले, ते मी लपवीत नाही. परंतु तीन दिवसांच्या मोजणीवरून कंबरेचा घेर कमी होईल असे छापणे म्हणजे अंगणात चार थेंब पडले म्हणून विहीर भरली म्हणण्यासारखे आहे. साखर आणि सायीचे दूध घातलेले तीन कप सोडून त्या जागी बिनसाखरेचा ऊलाँग घेतला तर वजनाला मदत होईल, यात संशय नाही. पण ती मदत साखर सोडल्याची!

येथेच एक इशारा देऊन ठेवते. "स्लिमिंग टी" म्हणून जी पाकिटे विकतात, त्यांतल्या पुष्कळांत चहाबरोबर सोनामुखी असते. सोनामुखी म्हणजे जुलाब. काट्यावर किलोभर वजन कमी दिसते ते पाणी गेल्यामुळे. चरबी जागच्या जागीच. पाकिटामागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा.

तिसरे वाक्य रक्तदाबाचे. या तिघांत मला त्यातल्या त्यात हेच बरे वाटले. तैवानमध्ये पंधराशेवर लोकांची पाहणी झाली, ती २००४ साली छापून आली. वर्षभर किंवा अधिक काळ रोज किमान १२० मिलिलिटर, म्हणजे एक लहान कप, ग्रीन टी वा ऊलाँग पिणाऱ्यांत रक्तदाबाचा विकार जडण्याचा संभव ४६ टक्क्यांनी कमी आढळला. रोज ६०० मिलिलिटर व त्याहून अधिक पिणाऱ्यांत ६५ टक्क्यांनी. आकडा मोठा आहे. पण ही पाहणी होती, प्रयोग नव्हे. नेमाने चहा पिणारा माणूस बाकीही गोष्टी नेमाने करीत असेल. ते सगळे वेगळे काढणे पाहणी करणाऱ्यांनाही पुरते जमत नाही. शिवाय ज्यांना रक्तदाब आधीच आहे त्यांचा तो उतरतो, असे यातून निघत नाहीच. चहा जरूर प्यावा. लोणच्याची फोड आणि पापड कमी करावा. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते. पत्रकावर त्याचा एक शब्द नाही आणि आपल्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ते म्हणजे रक्त. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात शंभरात ५४. म्हणजे या सभागृहात त्या वयाच्या ज्या मुली-सुना बसल्या आहेत, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचे रक्त कमी असण्याचा संभव आहे. जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळे मिटतात, केस गळतात. आपण म्हणतो, कामाचा शीण आहे.

चहाच्या ज्या तुरट द्रव्यांची एवढी वाखाणणी होते, तीच द्रव्ये अन्नातील लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. विशेषतः पालेभाजी, डाळी, नाचणी, बाजरी यांतले लोह, आणि आपल्यातल्या बहुतेकजणींचे लोह येते ते यांतूनच. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्रेडच्या न्याहारीबरोबर काळा चहा दिला, तेव्हा लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटले. ऊलाँगमध्येही त्याच वर्गातली द्रव्ये आहेत, त्यामुळे तो यातून सुटत नाही. आणि पत्रकात काय लिहिले होते, आठवते का? "जेवणानंतर लगेच गरम गरम घ्यावा." चरबी वितळावी म्हणून! ज्या सुनेने डाळ, पालेभाजी, नाचणीची भाकरी असे चांगले जेवण केले, तिच्या ताटातले लोह आपणच चहाच्या कपाने माघारी धाडायचे, असा याचा अर्थ.

माझ्या नोकरीत मी हे पुष्कळ पाहिले. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या, तीन महिन्यांनी रक्त तपासायचे, तर आकडा जागचा हलत नसे. गोळ्या फेकून देत असेल, असे आम्ही म्हणायचो आणि तिलाच बोल लावायचो. एकदा एका बाईने सरळ सांगितले, "सिस्टर, रोज घेते हो. पाण्याबरोबर मळमळतं, म्हणून चहाबरोबर घेते." त्या दिवसापासून मी गोळी देताना पहिला प्रश्न चहाचा विचारू लागले. आधीच्या कितीजणींना विनाकारण रागावले असेन, याचा हिशेब आता लागणार नाही.

उपाय काही अवघड नाही. इंग्लंडमधल्या २०१७ सालच्या एका प्रयोगात स्त्रियांना चहा जेवणाबरोबर न देता एक तासाने दिला, तेव्हा ही अडवणूक बरीच कमी झाली. तेव्हा जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. जेवणात लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू असावा. त्यातील क जीवनसत्त्व लोहाला आत घ्यायला मदत करते. लोहाची गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी, चहाबरोबर कोणत्याही परिस्थितीत नको. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीही ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहाला अर्धा-पाऊण तास थांबावे. सकाळी उठल्याबरोबर चहा हवा, नाहीतर डोळे उघडत नाहीत, हे मला मान्य आहे. माझेही तसेच आहे. मग गोळी उशाशी ठेवा आणि आधी तिला मान द्या.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. ऊलाँगच्या एका मोठ्या कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते. गरोदरपणी दिवसाकाठी २०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितले. त्यात कॉफी, चॉकलेट, सगळेच धरायचे. झोप न येणाऱ्यांनी दुपारनंतर तो घेऊ नये. बिनसाखरेचा असल्याने दातांना साखरेच्या चहापेक्षा बरा. आणि फार कढत पिऊ नये. ६५ अंशांपेक्षा गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण होतात, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली काढला. तो कोणत्याही पेयाला लागू आहे, आपल्या उकळत्या चहालासुद्धा. बशीत ओतून फुंकर घालून पिण्याला आपण गावंढळ म्हणत आलो. त्यात शहाणपण होते म्हणायचे!

आता तुम्ही विचाराल, मग हा चहा घ्यावा की न घ्यावा? मी तीन आठवडे घेऊन पाहिला. पहिल्या दिवशी मुळीच आवडला नाही. आमच्या घरी "हे कसले गवताचे पाणी" अशी संभावना झाली. माझी चूकही होती. मी सवयीप्रमाणे पातेल्यात खळखळ उकळला होता, आणि तो कडू जहर झाला. पुढे कृती समजून घेतली. आधण उतरवून मिनिटभर थांबावे, किटलीत माणशी एक चमचा पाने घालावी, पाणी ओतून तीन मिनिटे झाकावे आणि गाळावे. दूध नको, साखर नको. तीच पाने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही चालतात आणि दुसरा कप पहिल्याहून चांगला लागतो. चाओझोऊकडे तर एवढ्याशा किटलीत पाने गच्च भरून, बाहुलीच्या भातुकलीत शोभतील अशा कपांतून तो पुनःपुन्हा ओतून पितात. चौथ्या दिवशी मला त्याच्या वासात भाजल्या धान्याचा आणि कुठल्याशा फुलाचा भास झाला. आता दुपारी चारला मी त्याची वाट पाहते. साखरेचा माझा एक कप त्यामुळे आपोआप सुटला.

तेव्हा ठरावाबद्दल माझे मत असे. चहा जरूर आणावा, विकावा, यंत्रांसाठी पैसे जमवावेत. परंतु पत्रकावरची तिन्ही वाक्ये काढून टाकावीत आणि "जेवणानंतर लगेच" हे शब्दही. त्या जागी चहा कोठल्या मळ्यातला आहे, किती ग्रॅम आहे, कसा करावा, आणि जेवणापासून व लोहाच्या गोळीपासून तासभर दूर ठेवावा, एवढेच छापावे. व्यापारी म्हणेल की अशाने खप होणार नाही. कमी होईल, हे खरे आहे. दोन यंत्रांऐवजी यंदा एकच येईल. पण पुडीवर आपल्या मंडळाचे नाव असणार आहे. शेजारची बाई ते नाव वाचून विश्वास ठेवील आणि तिच्या घरी रात्रीची गोळी असेल. मते घ्यायची ती अध्यक्षबाई घेतीलच. माझे मत मी सांगितले.

मागच्या टेबलावर दोन किटल्या झाकून ठेवल्या आहेत आणि लहान कप मांडले आहेत. चव पाहून मगच ठरवा. ज्यांनी आत्ता फराळाबरोबर लोहाची गोळी घेतली असेल त्यांनी हात वर करावा. त्यांचा कप तासाभराने भरू.